पाठमोरा माणूस

आमच्या यांनी, म्हणजे महादेवरावांनी, जुन्या हाणामारीच्या हिंदी सिनेमांची पोस्टरं हातानं रंगवण्यात हयात घालवली. पुढे छापील फ्लेक्स आले, टॉकीजा बंद पडल्या, ब्रश माळ्यावर गेले. यंदा धरमपेठेत हॉटेल काढणारा गौरांग लकडगंजला आमच्या घरी आला. "काका, तसंच पाहिजे. भिंतभर."

यांचा हात थरथरतो, जरा चाललं की धाप लागते. तरी हो म्हणाले.

ओसरीत कापड ताणलं. नारिंगी तोंडाचा हिरो, हिरव्या तोंडाचा व्हिलन, आणि खाली कोपऱ्यात गोळी लागून पडलेला माणूस. तो कायम पाठमोरा. यांच्या उस्तादाची शिकवणच तशी होती: मरणाऱ्याला तोंड द्यायचं नाही. दिलं की ते कोणाचं तरी होतं.

देवळात सप्ताह चालू होता. मी रोज दुपारी कीर्तनाला जाई. पूर्वरंगाला गुडघे दुखत, उत्तररंगाला ते विसरायला होई. एक दिवस परत आले, तर पडलेल्या माणसाचा कान दिसत होता.

"अवो, याची मान काहून वळवली?"

"म्या हातच नाही लावला वं त्याले. अख्खा दिवस व्हिलनच्या मिशीत गेला."

"ब्रश भटकला असन."

"ब्रश नाही भटकत. म्हातारी भटकते, देवळं देवळं." हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली.

त्यांनी कानावर काळा रंग फिरवला. सकाळी कान परत होता. आता गालही. आणि कानाची पाळी फाटलेली. टॉकीजवर बोर्ड चढवताना खिळा लागून यांची फाटली होती, अगदी तशी.

"सोडा हे काम. गौरांगले मी सांगते."

"अर्धं टाकून झोप येईन का मले? थकलो वं गोपिके. पण एवढं होऊ दे."

खाटेवर पडले. छातीत घरघर. कोपऱ्यातल्या माणसाच्या नाकाची कड दिसू लागली होती.

मी अंबाड्यात चाफ्याचं फूल खोवलं आणि देवळात गेले. बुवा काय गात होते, कानात शिरलंच नाही. बुक्का लावायला ते समोर आले, तेव्हा मी डोळे मिटले.

देवा, त्यांच्या वाटचं मले दे.

घरी आले तर हे उठून ब्रश धूत होते. धाप नाही. हात स्थिर.

"गोपिके, डोळा लागला होता. उठून पाहतो तर तो आपला पाठमोराच. माहं एक काम वाचलं. चहा ठेव वं."

मी कोपऱ्याशी वाकले.

खरंच पाठमोरा होता. कान नाही, गाल नाही.

केस मात्र वाढले होते. मानेवर अंबाडा, त्यात चाफ्याचं फूल.

मी माझ्या अंबाड्याला हात लावला.

बोटांना ओला रंग लागला.