गाण्यातली थांबलेली जागा

पाऊस इतका आडवा आला की नर्मीन समोर दिसलेल्या पहिल्याच दुकानाच्या छपराखाली शिरली. कडेवर भावाचा जुना कॉम्प्युटर, आईच्या शालीत गुंडाळलेला. अलेक्झांड्रियात हिवाळ्यात समुद्र असाच रस्त्यावर येतो.

"बाळाला आत आणा," दुकानातून कुणीतरी म्हणालं, "सर्दी होईल त्याला."

तो हाझिम. आणि योगायोग असा, की दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचंच निघालं.

भाऊ कॅनडाला परत जाताना ते यंत्र ठेवून गेला होता. त्यावर त्याने इंटरनेटवरून रीतसर विकत घेतलेली जुनी गाणी होती. पण ती तेवढ्या एकाच यंत्रावर वाजत. शाळेला जाताना ट्राममध्ये ऐकावीत म्हणून नर्मीनने ती आपल्या छोट्या प्लेअरवर घातली, तर सगळी मुकी.

हाझिमने तिच्या बोटांवरचा खडू पाहिला, मग पडद्यावरच्या फायली पाहिल्या, आणि त्याला हसू आवरेना.

"अख्ख्या शहरात गाणी विकत घेणारं तुमचंच एक घर असेल, अब्ला. म्हणून तर कुलूपही तुम्हालाच लागलं."

अब्ला, म्हणजे बाई, तिला शाळेतली सगळी मुलं म्हणत. पण हा म्हणाला तेव्हा... त्यात शाळा नव्हती.

कुलूप काही फुटायचं नाही, त्याने समजावलं. पण गाणं वाजतं तर आहे ना? मग या यंत्रातून त्या यंत्रात एक तार जोडायची. इकडे वाजवायचं, तिकडे साध्या एमपीथ्री फायलीत धरून ठेवायचं. फक्त गाणं जेवढं लांब, तेवढा वेळ लागणार. आणि ही गाणी जुन्या काळची, एकेक तासाभराचं.

"घाई आहे?" त्याने विचारलं.

"मला नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

मग शाळा सुटल्यावर ती येऊ लागली. दर खेपेला एकच गाणं. ती सोमवार-गुरुवारचा रोजा धरते, हे तिने चहाला दोनदा नको म्हटल्यावर त्याने ओळखलं. पुढच्या गुरुवारी त्याने चहा विचारला नाही, आणि स्वतःचाही पेला पालथा घालून ठेवला. स्क्रूंच्या डब्यांशेजारी खजुराचा एक स्वच्छ डबा आला.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी ही पद्धत ऐकून कपाळावर हात मारला. गाणी सीडीवर उतरवून परत वाचून घेतली की घटकाभरात काम होतं, म्हणाल्या. "तुझा इंजिनिअर एक तर अडाणी आहे, नाही तर फार हुशार."

नर्मीन दिवसभर गालात हसत राहिली. त्याला मात्र काही बोलली नाही.

अशात कुवेतहून स्थळ आलं. माणसं चांगली होती. शुक्रवारी फातिहा वाचायला येणार, म्हणजे शब्द दिला गेल्यासारखाच. कुणी काही बोललं असतं, तर ती गुरुवारी रात्रीपर्यंत घरी नको म्हणू शकत होती. पण कुणी बोलायला तर हवं...

गुरुवारीच शेवटचं गाणं राहिलं होतं. तारा जोडता जोडता तिने त्याला उद्याचं सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. तो बराच वेळ तार नीट बसवत राहिला. तार तर केव्हाच नीट बसली होती.

गाणं अर्ध्यावर आलं. खिडकीवर पाऊस. त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"नर्मीन," तो म्हणाला. अब्ला नाही. "मी जर—"

आणि सूर्यास्ताची, मगरिबची अजान सुरू झाली.

त्याचा हात सवयीने पुढे गेला. त्याने गाणं थांबवलं, आणि तोंडातलं वाक्यही. अजान चालू असता कोण बोलतं? दोघं ओठांतल्या ओठांत तेच शब्द म्हणत राहिली. त्याने डबा पुढे केला. तिने खजूर घेऊन रोजा सोडला आणि बी मुठीत धरून वाट पाहिली.

अजान संपली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने यंत्राकडे पाहिलं... आणि गाणं पुन्हा चालू केलं.

'काय म्हणत होता?' एवढंच विचारायचं होतं. जिभेवर आलंही.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, तिकडचं यंत्र थांबवायचं राहूनच गेलं, मध्ये रिकामी जागा पडली. कापून टाकतो.

"राहू द्या," ती म्हणाली.

कुवेतमध्ये पाऊस कमी. अश्रफ चांगला नवरा आहे, गाडी सावकाश चालवतो. एका संध्याकाळी गाडीत ते गाणं लागलं, आणि मध्येच थांबलं. तारेतून फक्त गाणं गेलं होतं. अजान नाही, पाऊस नाही, कुणाचा श्वाससुद्धा नाही.

"बिघडलेलं दिसतंय," अश्रफ बटणाकडे हात नेत म्हणाला. "पुढचं लावू?"

"नको. थांबा जरा. आहे पुढे."

तो थांबला. रस्ता सरळ होता. बऱ्याच वेळाने व्हायोलिनचे सूर जिथे तुटले होते तिथूनच उठले, आणि नर्मीनने मांडीवरची मिटलेली मूठ हळूच उघडली.