ओळखीचा हात

तार कचेरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना तारमास्तरच म्हणायची. पुरात बायको गेली. मास्तर कामानिमित्त परगावी होते, फोन बंद पडलेले, आणि ती गच्चीवर अडकल्याचं कोणाला कळलंच नाही. पुन्हा कोणावर ही पाळी येऊ नये म्हणून मास्तरांनी उतारवयात परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला आणि आपत्ती पथकात दुपारची ड्यूटी मागून घेतली. दुपारीच घर खायला उठायचं.

एका दुपारी कानावर मोर्सची, तारेच्या जुन्या भाषेची, टिकटिक आली. पाठवणाऱ्याने आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, दिलं. ते मास्तरांचंच होतं.

कोणी खोडसाळपणा करत असेल, म्हणून सोडून देता आलं असतं. पण तारेवरचा हात अक्षरासारखा असतो, ज्याचा त्याचा. मास्तरांचं बोट एकदा मोडलं होतं, त्यामुळे त्यांची शेवटची रेघ, म्हणजे लांब ठोका, नेहमी रेंगाळायची. हीही रेंगाळली.

परवाना कचेरीतल्या कारकुनाला त्यांनी फोन केला. एक कॉलसाइन एकालाच मिळतं, असं त्याने सांगितलं. वर म्हणाला, "तुम्हीच असाल हो."

मग ते रोजचंच झालं. पलीकडचा थोडकंच सांगायचा. पूर ओसरला, आम्ही दोघं वाचलो, ही आत कपड्यांच्या घड्या घालतेय. मास्तर लवकर जेवून यंत्रापाशी बसू लागले. पथकप्रमुखांनी दोनदा विचारलं, काही विशेष? मास्तरांनी नाही म्हणून सांगितलं.

दहाव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "तिला बसवा," त्यांनी पाठवलं. तिने जन्मात कधी यंत्राला हात लावला नव्हता.



मग एकेक अक्षर आलं. तक्त्यात एकेक खूण शोधून वाजवावी तसं, चाचपडत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

"कोण आहे?"

मास्तरांनी ते कागदावर उतरवून घेतलं.

"दहा दिवस हे आपोआप वाजतंय. खुर्चीत कोणी नाही."

थांबून थांबून पुढचं आलं.

"हे तर पुरातच गेले. घरात मी एकटीच आहे."

मास्तरांनी उत्तर द्यायला हात पुढे केला. बोट अजून कळीला टेकलंही नव्हतं, तोच कळ आपोआप हलली आणि त्यांच्या हातचं उत्तर गेलं, शेवटची रेघ रेंगाळत:

"घाबरू नकोस. मी आहे."