गाठीचे किलो

फोबोसच्या गोदीत चहा पिशवीतून ओढूनच प्यावा लागे; नाहीतर थेंब तरंगत जाऊन कुणाच्या तरी चष्म्यावर बसत. त्या सकाळी विश्राम केळुसकरांच्या हातातली पिशवी तशीच थंड झाली. जहाजाला हलकेच हिंदोळा देऊन त्याचं वजन सांगणाऱ्या काट्याने निकाल दिला होता: टिटवी अठ्ठावन्न किलोंनी जड.

त्यांनी आखलेल्या छोट्या रक्षक-नौकांतली ही पहिली. मोठ्या जहाजापुढे धावायचं आणि वाटेतले दगडगोटे लेसरने जाळायचे, एवढंच तिचं काम. एका फुटलेल्या धूमकेतूचा चुरा मंगळावरून पृथ्वीकडे जाणाऱ्या वाटेवर पसरला होता आणि खाली मंगळावरच्या वस्तीतली हवा संपत आली होती. नऊ दिवसांनी तिथली दोनशे बारा माणसं घेऊन ‘अन्नदा’ हे मोठं जहाज निघणार होतं, टिटवी असो वा नसो. आणि एवढ्या वजनानिशी टिटवी तिच्यापुढे टिकणं शक्य नव्हतं.

“माझ्याकडे ग्रॅमभरही जास्त नाही,” इंजिन विभागाचा हणमंत घोरतळे म्हणाला.

“माझ्याकडेही नाही,” लेसरची जबाबदारी असलेली शकीला मुजावर म्हणाली.

“मग काय, गोदीचं पाणी मानवलं वाटतं हिला!” टिटवीची चालक अनघा तोरसकर म्हणाली. कुणी हसलं नाही.

केळुसकरांचे कान तापले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे.

“सांगाड्याच्या फासळ्या,” ते खाली बघत म्हणाले. “आराखड्यापेक्षा जाड केल्यात मी. कागदावर दाखवलं नाही. एकोणीस किलो. माझ्याच गणिताचा भरवसा वाटेना.”

मग हणमंतने घसा खाकरला. “नळ्या. चौदा. तुम्हीच शिकवलंत ना काका, थोडं गाठीला असू द्यावं?”

“आरशांना धरणारे कंस, नऊ किलो,” शकीला पुटपुटली.

उरलेले सोळा बाकीच्या विभागांतून निघाले. प्रत्येकाने गुपचूप, चांगल्या मनाने, थोडं थोडं गाठीला बांधलं होतं. आठ दिवस नुसत्या कानशी फिरत राहिल्या. बावन्न किलो उतरले. सहा काही केल्या उतरेनात.

“टाकीतलं सहा किलो इंधन काढलं तर?” अनघाने विचारलं.

“ते थांबण्याचं आहे, पोरी. चुऱ्याचा ढग ओलांडल्यावर वेग मारून परत वळायला.”

“आणि नाही थांबले तर? अन्नदा घेईल मला?”

“तोवर तू तिच्या फार पुढे गेलेली असशील. तशीच जात राहशील. हवा सत्तर दिवसांची.”

अनघा गोदीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. तिथे दुसऱ्या टिटवीचा उघडा सांगाडा टांगलेला होता.

“ही मागून येऊन धरू शकेल मला?”

“तयार असती तर, हो. पोहोचायला दहा दिवस.”

“तयार व्हायला किती?”

“नव्वद दिवस,” ते सवयीने म्हणाले. वरिष्ठांनाही त्यांनी हाच आकडा दिला होता.

“केळुसकरकाका,” अनघा हळूच म्हणाली, “गाठीचे दिवस सोडून सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. बोटांची पेरं मोजली. पुन्हा मोजली.

“साठ.”

तिने मान डोलावली आणि टाकीचा नळ सोडायला निघाली.

केळुसकर त्या उघड्या सांगाड्यासमोर उभे राहिले. साठ आणि दहा, बरोबर सत्तर. उभ्या आयुष्यात एवढा नेमका आकडा त्यांनी कुणाला दिला नव्हता. फासळ्या या वेळी आराखड्याएवढ्याच ठेवायच्या. पण तो आराखडाही त्यांच्याच गणिताचा; त्यावर तरी भरवसा कुणाच्या जिवावर ठेवायचा?