काशीच्या उशाशी

वाशीच्या सोसायटीत दिवे गेले, तशी पोरं गच्चीवर दिनानाथकाकांभोवती गोळा झाली. काका म्हणाले, "हसू नका हं. सुनीती माझी सख्खी मावसबहीण. तिनं मला सांगितलंय ते सांगतो."

एकोणऐंशी साल. भाद्रपदातली अमावास्या. खाडीपलीकडच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. खाडीकाठच्या गावांत गॅस्ट्रोची साथ आलेली. सुनीती नुकतीच नर्सिंग पास झाली होती. एक दिवस मदत करून येऊ म्हणून सलाइनच्या बाटल्यांचं खोकं घेऊन ती सकाळच्या एसटीनं निघाली. संध्याकाळी परत यायचं होतं.

खोकं दुपारीच रिकामं झालं. डॉक्टर जीप घेऊन आणखी बाटल्या आणायला गेले, आणि मागून उधाणाचं पाणी रस्त्यावर चढलं. जीप पलीकडेच अडकली.

दिवेलागणीला एकच बाटली उरली होती. तेव्हाच शेवंताबाई होडीतून सुनेला आणि नातीला घेऊन आल्या. सून भागीरथी. नात काशी, पाचसहा वर्षांची. दोघींचे डोळे खोल गेलेले. सुनीतीनं एकीची नाडी बघितली, मग दुसरीची. बाटली हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"तिला लाव गो बाय," भागीरथी पुटपुटली. "मना नको."

सुनीतीनं काशीला सुई लावली. भागीरथीला ती चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत राहिली. ते पोटात ठरत नव्हतं. काळोख दाटला, आणि भागीरथी गेली. वॉर्डबॉय सीतारामनं तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली.

काशीची नाडी मात्र लागत होती. सुनीतीचा सगळा जीव त्या मनगटात अडकला होता.

पुढे भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कंदील मंद झाला होता. काशीच्या उशाशी कुणी बाई बसली होती. पाठमोरी. डोक्यावर पदर. हात हळूहळू हलत होते.

"शेवंताबाई, पडा जरा. मी बघते तिच्याकडे."

बाईचे हात हलतच राहिले.

"शेवंताबाई..."

"काय गो बाय?"

आवाज मागून आला. दारातून.

सुनीतीनं वळून बघितलं. शेवंताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. पुन्हा पुढे बघायचा तिला धीर होईना...

बघितलं.

उशाशी कुणी नव्हतं.

ती धावली. काशीचा हात धरला. गार. नाडी... नाही. दुसरा हात. नाही.

"इथं आत्ता बाई बसली होती!" ती ओरडली. ते ऐकून सीताराम मागच्या खोलीकडे पळाला. कडी तशीच. भागीरथी तशीच, चादरीखाली.

शेवंताबाईंनी कंदील काशीच्या तोंडाशी नेला. रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मग सुनीतीनंही बघितलं.

ओकाऱ्यांनी चिकटलेले, गुंता झालेले पोरीचे केस... विंचरलेले. तेल चोपडलेलं. घट्ट वेणी.

आणि वेणीत अबोली. फुलं अजून ओली होती.