दोन फळ्या

मिलिसेंट गावाबाहेर कालव्याच्या दारातल्या, पाणी अडवायच्या फळ्या मी तपासत होतो, ते माझं कामच, आणि समोरच्या काठावर एक मुलगी चिखलाचे बूट धूत होती. लोसालिने. टोंगा बेटांवरून बटाटे काढायच्या हंगामाला आलेली. भुवयांवर पावसाचे थेंब... आणि खिशातून चक्क वही काढली!

"ए, सगळे याला ड्रेन म्हणतात. म्हणजे काय नक्की?"

"बटाटे उकडून पाणी ओतून देतेस ना, ते ड्रेन करणं. आणि शेतातलं पाणी नेतो तो हा कालवा, तोही ड्रेन."

"आणि संध्याकाळी आमच्या अंगात जीव उरत नाही, ते?"

"तेही!"

"एका शब्दाला किती राबवता रे!" ती हसली. मी संपलो.

मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत यायला लागली. वाक्यं करायची, "रॉरी माझं डोकं ड्रेन करतो." मी म्हणायचो, "बरोबर. अजून एक कर."

आणि गुरुवारी कळलं... शेवटचं शेत राहिलंय. ते झालं की मंगळवारी ती जाणार.

खरं सांगतो. मोठा पाऊस यायच्या आत सगळ्या फळ्या काढायच्या असतात. मी खालच्या दोन ठेवल्या. मुद्दाम. पाणी तुंबलं, शेतात यंत्र रुतलं, काम बंद. शुक्रवारी ती आली ती रडवेली.

"बटाटे सडले तर मालक पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणार नाही!"

"लोसा... ते पाणी मी अडवलंय. तू अजून थोडे दिवस राहावीस म्हणून."

तिनं वही खिशात कोंबली.

"गाढवा! मला पुढच्या वर्षीही यायचंय — ते कोणासाठी?"

आणि बुटांसकट पाण्यात उतरली. दोघांनी लोखंडी आकड्यानं फळ्या ओढून काढल्या. पाणी धाडकन सुटलं, आम्ही नखशिखांत भिजलो. तिचा हात माझ्या हातात राहिला... तिनं काढला नाही.

"आत्याला तूच सांगायचं," ती म्हणाली. "सगळं."

तिची आत्याही त्याच टोळीत कामाला आलेली, आणि त्यांच्यात आत्याचा शब्द शेवटचा. शनिवारी शेवटचा बटाटा निघाला, मालक "पुढच्या वर्षी या" म्हणाला, तेव्हा मी सेलूआत्यासमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पांढरा शर्ट आहे?"

"आहे."

"उद्या चर्चला ये. आमच्या बाकावर बस."

मागून टोळीतल्या सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. लोसा लाल झाली. हळूच म्हणाली, "त्या बाकावर आत्या घरच्यांशिवाय कोणालाही बसवत नाही. कळतंय ना?"

"कळतंय," म्हणालो — आणि घरी जाऊन आधी इस्त्री शोधली.