निवळी

भरती चढू लागली की रेवखाडीतली घरं हलकेच उचलली जायची. तळाशी पोकळ टाक्या, चारी कोपऱ्यांना उंच खांब. पाणी वर आलं की घर वर, ओहोटी लागली की घर खाली. नवख्या पाहुण्याचं डोकं गरगरे, इथल्या मुलांना मात्र न डुलणाऱ्या जमिनीवर झोपच येत नसे. अंगाई कुणी म्हणत नव्हतं. गरजच काय, रेवखाडीत मुलं रडतच नव्हती!

ही करामत निवळीची. कानामागे चिकटवायची नखाएवढी पट्टी, एक आईला, एक मुलाला. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘सहशमक’. पण मडक्याला आतून निवळीचं बी घासलं की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, हे ठाऊक असलेल्या कुण्या आजीबाईने तिला निवळी म्हटलं आणि तेच रूढ झालं.

तान्ह्या मुलाला आपलं आपण शांत होता येत नाही. मोठ्या माणसाच्या छातीशी धरलं की त्या श्वासाच्या, ठोक्यांच्या लयीने ते निवतं, आणि असं पुन्हा पुन्हा निवत गेलं की एक दिवस स्वतःला सावरायला शिकतं. निवळीने हा लांबचा रस्ता जवळ केला. एकाच्या मज्जातंतूंमधली शांत लय टिपायची आणि दुसऱ्याच्या मज्जातंतूंना पोचवायची. भोकाड पसरण्याआधीच मूल गप्प. आयांना आणखी काय हवं?

हेमांगीला तर निवळी देवासारखी पावली होती. तिचा नवरा श्रीरंग समुद्रातल्या पवनचक्क्यांचे खांब साफ करणारा पाणबुड्या. गेल्या साली त्याने बुडी मारली ती शेवटचीच. लेक जुई तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. हेमांगीने पदर खोचला आणि कामाला लागली. डोळ्यांतून टिपूस नाही. लेकीसाठी काळजाचा दगड केला, असं गाव म्हणालं आणि तिलाही तसंच वाटलं. दुःख होतं, पण धुक्यातल्या होडीसारखं. दिसे, काठाला लागत नसे.

मग एक दिवस बालवाडीच्या ताईंनी तिला थांबवलं. “जुई फार शहाणी आहे हो,” त्या म्हणाल्या, पण कौतुकाने नाही. “घसरगुंडीवर सगळी पोरं ढकलाढकली करतात, ही बाजूला उभी. ‘आधी तुझं होऊ दे,’ म्हणते. कुणी खेळणं हिसकावलं तर हिसकावणाऱ्यालाच थोपटते. जरा डॉक्टरांना दाखवा.”

निवळी ज्यांनी घडवली त्या डॉ. यास्मिन काझी खाडीच्या तोंडाशीच राहत. त्यांनी दोघींच्या पट्ट्यांमधली नोंद दोनदा तपासली. जुई बाहेर सज्जात नारळाच्या करवंटीची होडी करून खेळत होती.

“डॉक्टर, माझं काही चुकलं का? मी तिला कधी अस्वस्थ होऊच दिलं नाही.”

डॉक्टरांनी दोन पेले पुढे ओढले. एक भरलेला, एक रिकामा, मध्ये पाण्याने भरलेली नळी. “पाणी कुठून कुठे जातं?”

“भरलेल्यातून रिकाम्यात.”

“निवळीही तशीच. जो जास्त शांत, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. आई कोण आणि मूल कोण, हे तिला कळत नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “कळायची गरज आम्हाला वाटलीच नाही, हेमांगी. आई शांतच असते, असं आम्ही धरून चाललो.”

हेमांगीला आधी कळलंच नाही. मग कळलं. “म्हणजे श्रीरंग गेल्यापासून...”

“तुम्हाला जुई सांभाळते आहे.”

हेमांगी घाबरून ताडकन उठली. आणि लगेच, नेहमीसारखाच, एक गार, मऊ निवांतपणा अंगभर पसरत गेला. किती छान वाटलं! तिने खिडकीबाहेर पाहिलं. जुईने होडी खाली ठेवली होती. ती डोळे मिटून, मांडी घालून, अगदी स्तब्ध बसली होती. जरा वेळाने तिने डोळे उघडले आणि पुन्हा होडी उचलली.

“काढा,” हेमांगी म्हणाली. “आत्ताच काढा.”

“साचलेलं सगळं एकदम वर येईल. तुमचंही आणि कदाचित तिचंही.”

“येऊ दे. तिला रडू दे एकदा. मी घेईन तिला जवळ.”

असं म्हणणं सोपं होतं, कारण ते म्हणण्याचा धीरही लेकीचाच होता. हेमांगीला एकदा वाटलं, आजची भरती उतरेपर्यंत पट्टी राहू द्यावी. पण तिने जुईला आत बोलावलं.

डॉक्टरांनी आधी जुईची पट्टी सोडवली, मग हेमांगीची.

धुक्यातली होडी काठाला येऊन आदळली. श्रीरंगचे ओले केस, निघताना त्याने दारातून केलेला हात, रिकामी परत आलेली लाँच. हेमांगी जमिनीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली. तशातही तिने हात पसरले, जुईला छातीशी ओढलं. आता ही रडेल, आता हिला कुशीत घेऊ.

जुई रडली नाही. तिने स्वतःला हळूच सोडवून घेतलं, आईच्या पाठीशी गेली आणि इवल्या हाताने थोपटू लागली. पट्टी गेली होती, सवय गेली नव्हती.

“जुई,” हेमांगी हुंदक्यांतून म्हणाली, “तुला बाबांची आठवण नाही का गं येत?”

“येते ना,” थोपटता थोपटताच जुई म्हणाली. “पण आधी तुझं होऊ दे.”