हेअरपिनवरचं निळं निशाण

हे मला खरंच आठवतंय, की इतकी वर्षं मनात घोळवून मीच रचलंय, सांगता येत नाही. माणूस शिकला की शंकाच वाढतात.

मी मोटार शर्यतींचा डॉक्टर होतो. तो ट्रॅक अरुंद, नागमोडी. सारखा ब्रेक, सारखा गिअर. शर्यत संपेपर्यंत चालकांचे तळवे सोलून निघायचे. दुसऱ्याला मागे टाकायला जागा एकच, हेअरपिन वळण. त्या दुपारी मी तिथेच होतो. आदल्या वर्षी याच वळणावर, आतून घुसणाऱ्या एका तरुणाची वाट त्या शर्यतीच्या विजेत्याने मुद्दाम बंद केली होती. तरुणाने ब्रेक लावला, त्याची गाडी गरकन फिरून भिंतीवर गेली. पोर जागीच गेलं. चौकशीत ठरलं, शर्यतीत असं चालायचंच.

त्या पोराची थोरली बहीण या वेळी निशाण घेऊन उभी होती. निळं निशाण म्हणजे, मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या.

तोच विजेता सगळ्यांच्या पुढे, एकटा आला. तिने निळं हलवलं.

"ताई, मागे कुणी नाही."

"तुम्ही पट्ट्या गुंडाळा, डॉक्टर. रस्ता मी बघते."

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. त्याच्या गाडीचा आवाज भिंतीआड विझला... आणि मग तापल्या ब्रेकचा वास आला. गालावर वाऱ्याचा झोत बसला. रस्ता रिकामा होता.

"हे... काय गेलं?"

"आमचा धाकटा. लहानपणापासून हट्टी. एकदा मागे लागला की लागला."

"निशाण खाली ठेवा, ताई. तो पुढचा मरेल."

"मरेल कशाला? वाट देईल. गेल्या वर्षी द्यायची राहिली ना..."

मी निशाण हिसकावलं. त्याआधी विजेता फिरून आला की नंतर, इथेच माझी आठवण डळमळते. एवढं खरं की तो बाहेरच्या कडेला सरकला. तिथे झिजल्या टायरांचा चुरा साचतो, चाकांना पकड मिळत नाही. त्याच भिंतीवर गेला. मी पोचलो तेव्हा तो जिवंत होता. पाय मात्र कायमचे गेले.

निशाण हिसकावायला मला उशीर झाला का, या प्रश्नाने माझी झोप खाल्ली. अनेक वर्षांनी मी त्याच्या घरी जाऊन विचारलं. त्याने चाकांची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"शेवटच्या फेरीला निशाण नव्हतं, डॉक्टर."

"मग वाट का दिलीत?"

"तो आत आला होता. आदल्या वर्षीसारखाच. फक्त या वेळी... त्याने ब्रेक लावला नाही."